सल्ला हवा आहे : मासेमारीतला जुना लाकडी ट्रॉलर घेऊन त्याची राहती बोट करावी का?

खाडीकाठ :

नमस्कार मंडळी. जयगडच्या खाडीला लागून आमचे घर आहे. तिथे मासेमारी बंद करत असलेल्या एका मालकाचा लाकडी ट्रॉलर विकाऊ आहे. लांबी ४२ फूट, रुंदी साधारण १४ फूट, फळ्या सागवानी, पाण्याखालच्या भागावर बाहेरून फायबरचा थर आणि आत अशोक लेलँडचे सहा सिलिंडरचे इंजिन. मला मासेमारी करायची नाही. दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंत दाभोळ ते विजयदुर्ग या पट्ट्यात सावकाश फिरावे, खाडीत नांगर टाकून रात्री बोटीवरच मुक्काम करावा, परदेशात ज्याला ट्रॉलर यॉट म्हणतात तशी ती आरामशीर करून घ्यावी, एवढीच इच्छा आहे. माशांच्या खणात झोपायची खोली आणि केबिनच्या माथ्यावर उघडी सुकाणूची जागा असा आराखडा डोक्यात आहे. व्यवहारापूर्वी काय तपासावे, फायबरचा थर ठेवावा की काढावा, कागदपत्रांचे काय करावे आणि पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मुंबईच्या बाजूला तयार फायबरची बोट मिळते हे मला ठाऊक आहे. प्रश्न याच बोटीपुरता आहे.

नाळ ते वरामी :

माझे सारे घर या धंद्यात आहे, म्हणून आधी एकच गोष्ट सांगतो. तुम्ही ज्या खणात झोपायची खोली करणार आहात, त्याच खणात या बोटीचे खरे दुखणे असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. खाऱ्या पाण्याने लाकूड सहसा कुजत नाही. लाकूड कुजते ते गोड्या पाण्याने. माशांच्या खणात वर्षानुवर्षे बर्फ भरला जातो, तो वितळतो आणि ते पाणी आतल्या अस्तराच्या सांध्यांतून मागे झिरपते. अस्तराच्या मागे थर्माकोल किंवा फोम असतो, त्यामागे वांक, म्हणजे बोटीच्या लाकडी बरगड्या, असतात आणि त्यांच्या बाहेर फळ्या. त्या पोकळीत वारा नाही, ऊन नाही आणि ओल मात्र कायमची. बाहेरून रंगवलेली, दिसायला ठणठणीत असलेली बोट आतून इतकी कुजलेली असते की वांकात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत जातो.

म्हणून खणाचे अस्तर निदान तीन ठिकाणी उघडून बघितल्याशिवाय किमतीवर बोलूच नये. एक जागा खणाच्या पुढच्या कोपऱ्यात, एक इंजिनघराच्या भिंतीला लागून आणि एक अगदी तळाशी, जिथे वांक पठाणावर, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईवर, टेकतात तिथे. साधी हातोडी घ्या आणि दर वितीवर ठोकत चला. निरोगी सागवान खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते, आणि दहा मिनिटे ठोकल्यावर हा फरक नवख्या कानालाही कळू लागतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा आणि मग तेवढ्याच जागी टोकदार हत्यार टोचून पाहा. डेक आणि केबिन जिथे जुळतात तो कोपरा, तसेच डेकच्या कडेचे आधाराचे खांब जिथे डेकमधून खाली उतरतात त्या जागाही सोडू नयेत. तिथून पावसाचे पाणी आत शिरते.

दुसरे, बोट विकाऊ आहे म्हणून ती धक्क्याला बांधलेली असताना पाहून समाधान मानू नका. उधाणाच्या भरतीला ती वर घ्यायला सांगा आणि ओहोटीला तळ कोरडा झाल्यावर पाहा. लाकूड कोरणारा किडा पाण्याखालून शिरतो. बाहेर त्याचे भोक टाचणीच्या डोक्याएवढे असते आणि आत मात्र बोटभर जाडीचे बोगदे असू शकतात. फायबरचा थर जिथे फुटला आहे, विशेषतः पठाणाच्या तळाशी आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या आसपास, तिथे आधी शोधा.

इंजिनघर :

मी जहाजांवर इंजिनिअर होतो आणि आता रत्नागिरीत स्थायिक आहे. वरचा सल्ला पूर्णपणे योग्य आहे. त्यात थोडी भर घालतो.

आपण ज्या ट्रॉलर यॉटींचा उल्लेख केला, त्यांतील सर्वांत नावाजलेल्या ग्रँड बँक्स बोटी हाँगकाँगच्या अमेरिकन मरीन या कारखान्यात तयार होत. १९७३ पर्यंत त्या लाकडाच्या होत्या आणि त्यानंतर फायबरच्या झाल्या. त्यांतल्या अनेकींत फोर्डच्या मूळ इंजिनावर बेतलेले १२० अश्वशक्तीचे लेहमन इंजिन असे, म्हणजे आपल्या लेलँडच्याच स्वभावाचे : संथ, जड आणि साध्या मिस्त्रीला कळणारे. त्या लाकडी बोटींच्या मालकांनाही मुख्य त्रास होतो तो डेकमधून आणि खिडक्यांच्या चौकटींतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याचाच. तेव्हा कोकणातला ट्रॉलर असो की हाँगकाँगची यॉट, शत्रू एकच आहे.

मात्र एक मोठा फरक ध्यानात घ्यावा. यॉटचे वजन कुठे असावे हे आराखड्यातच ठरलेले असते. आपला ट्रॉलर हा खणात काही टन बर्फ आणि मासळी घेऊन समुद्रात स्थिर राहावा म्हणून बांधलेला असतो. तो खण रिकामा करून तिथे पलंग ठेवला आणि वरून केबिनच्या माथ्यावर सुकाणू, छत, खुर्च्या आणि चार माणसे चढवली, तर खालचे वजन गेले आणि वरचे वाढले. अशी बोट धक्क्याला छान दिसते आणि दाभोळच्या तोंडावर आडवी लाट लागली की सावरायला नको तितका वेळ घेते. एक सोपी चाचणी करता येते. शांत पाण्यात, दोर सैल सोडून, बोट डोलवावी आणि एका बाजूला कललेली बोट दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पहिल्या जागी येण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. हे सेकंद बोटीच्या मीटरमधील रुंदीपेक्षा कमी असतील तर स्थिरता साधारण ठीक समजली जाते. आपली रुंदी १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर आहे. काळ त्याहून जास्त आला तर वर काहीही चढवण्याचा विचार सोडावा. काळ कमी आला तरी ही केवळ प्राथमिक खूण समजावी आणि अंतिम आराखडा नौकाबांधणीच्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा. माझे वैयक्तिक मत विचाराल तर वरची सुकाणूची जागा पूर्णपणे रद्द करा आणि खणाच्या तळाशी शिसे किंवा लोखंडाचे वजन हलणार नाही असे घट्ट बसवून घ्या.

इंजिनाबद्दल चिंता कमी करा. पाण्याच्या रेषेवर सुमारे ३८ फूट लांबीच्या अशा बोटीचा स्वाभाविक वेग सव्वाआठ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास येतो. त्यापुढे इंजिन कितीही मोठे बसवले तरी केवळ डिझेल जळते आणि मागे लाट उठते. सहा-साडेसहा नॉटवर समाधानी राहिलात तर जुने लेलँड हसत काम करील. फक्त सदैव मंद गतीवर चालवल्याने त्यात काजळी साचते, म्हणून दर प्रवासात थोडा वेळ भार वाढवून चालवावे. खरेदीपूर्वी थंड इंजिन पहिल्या फेरीत सुरू होते का, धूर निळा आहे की काळा, तेलात पाणी आहे का, हे बघा. शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याची, सरळ रेषा मात्र बोट पाण्यात असतानाच तपासावी, कारण लाकडी बोट जमिनीवर आणि पाण्यात वेगवेगळा आकार घेते. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांतील फट चारही बाजूंनी फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला ०.१ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक नसावा.

एक इशारा : जुन्या बोटींत धुराच्या नळीवर गुंडाळलेली पांढरट दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी ओरबाडून काढू नका. असे काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच ती काढून घ्यावी.

रंधा आणि पटाशी :

मी सुतार आहे आणि देवगड भागात बोटींचे काम करतो. फायबरच्या प्रश्नावर कुणी बोलले नाही, म्हणून लिहितो.

फायबरचा थर ही मच्छीमाराची सोय आहे, कारण त्याला दरवर्षी सांधे भरण्याचा आणि रंगाचा खर्च टाळायचा असतो. नव्या, कोरड्या बोटीवर नीट बसवलेला थर किड्यापासून चांगले रक्षण करतो. परंतु जुन्या, ओल्या बोटीवर पॉलिस्टर रेझिनने चढवलेला थर लाकडाला धरत नाही. तो सुटतो आणि मधल्या फटीत पाणी अडकून फळी आतून सडते. नाण्याने थरावर टकटक करत जा, म्हणजे सुटलेली जागा पोकळ वाजेल. थरावर ठरावीक अंतराने तांबूस ओघळ दिसत असतील तर खालचे लोखंडी खिळे गंजले आहेत असे समजा. लोखंड गंजताना भोवतीचे लाकूडही खाते, त्यामुळे फळी चांगली असूनही खिळ्याची पकड जाते. अशा बोटीला फळ्या बदलाव्या लागत नाहीत, पण जुन्या खिळ्यांच्या शेजारी नवे खिळे मारत संपूर्ण बोट पुन्हा बांधल्यासारखे काम निघते. नवे खिळे तांब्याचे घेणार असाल तर पाण्याखाली तांबे आणि लोखंड यांची सरमिसळ होऊ देऊ नका. तांब्याजवळचे लोखंड फार झपाट्याने जाते.

थर निम्म्याहून जास्त सुटला असेल तर तो पूर्ण काढावा, असे माझे मत आहे. काढल्यावर सांध्यांत कापूस ठोकून राळ आणि तेलाचे मिश्रण भरावे. हल्ली काही जण सांध्यांत कडक इपॉक्सी भरतात, ते टाळावे. उन्हात सुकलेली फळी पाण्यात गेल्यावर फुगते. सांध्यात तिला दबायला जागा नसेल तर ती वांकांवरचे खिळे उपटते. उतरवल्यानंतर पहिले एक-दोन दिवस बोट पाणी घेणारच, तेव्हा पंप लावून कुणीतरी जवळ थांबावे. घाबरून पुन्हा वर ओढू नये.

सागवानाबद्दल शंका बाळगू नका. १८१७ साली मुंबईच्या वाडिया गोदीत बांधलेले एचएमएस ट्रिंकोमली हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. पण आतल्या केबिनसाठी सागवानावर पैसे उधळू नका. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या आणि त्याच्या कापलेल्या कडा रेझिनने बंद करा. आतले अस्तर पुन्हा बसवताना थर्माकोल वापरू नका आणि पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा. झोपायच्या खोलीला थंडावा हवा असेल तर वरून छत घाला आणि दोन्ही टोकांना वाऱ्याची झडप ठेवा.

पावसाळ्यात बोट वर घेऊन शाकारताना प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. ती वाईट. झापांचे उतरते छप्पर करून दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवलेल्या बऱ्या.

बंदरवाट :

कागदपत्रांपुरते लिहितो. मासेमारी नौका म्हणून असलेली नोंदणी आणि परवाना हा मत्स्यव्यवसाय विभागाचा विषय आहे. हौसेसाठी बोट वापरायची तर ती नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी आणि पुढची नोंदणी व तपासणी यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आधीच चौकशी करावी. नोंदणी तशीच ठेवून फिरणे हा अनेकांचा सल्ला असतो, तो ऐकू नका. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा तुम्हाला लागू होणार नाही, म्हणून खर्चाचा हिशेब बाजारभावाच्या डिझेलने मांडा. बोटीवर बँकेचे किंवा संस्थेचे कर्ज नाही याचा दाखला विक्रेत्याकडून लेखी घ्या. १ जून ते ३१ जुलै ही बंदी मासेमारीची आहे. पण हौशी माणसानेही त्या काळात पाण्यात असण्याचे कारण नाही. शिवाय २०२० चे निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला आले आणि २०२१ चे तौक्ते मे महिन्याच्या मध्यातच आपल्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा बोट वर घेण्याची तयारी मेच्या सुरुवातीलाच असू द्यावी.

बोटीवर व्हीएचएफ रेडिओ संच ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरच्यांनाही देऊन ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर डेकवर, बाहेर उघडणाऱ्या पेटीतच असावा.

खाडीकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. वरची सुकाणूची जागा आराखड्यातून काढून टाकली आहे. आज हातोडी घेऊन गेलो होतो. बाहेरून डाव्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली, दोन हात लांबीची जागा पोकळ वाजली आणि पंख्याजवळ तांबूस ओघळही दिसले. डोलवण्याची चाचणी सव्वातीन सेकंदांच्या आसपास आली, परंतु तेव्हा खणात थोडा बर्फ होता. मालक खणाचे अस्तर उघडू देण्यास तयार नाहीत. आधी इसार द्या, मग हवे ते उघडा, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे गिऱ्हाईक आहे असेही ते सांगतात. इसार द्यावा का?

नाळ ते वरामी :

उघडू दिले नाही तर देऊ नये. त्यांची अडचणही समजून घ्या. अस्तर फाडले आणि तुम्ही माघार घेतली तर त्यांच्या बोटीचे नुकसान होते. तेव्हा असे सुचवा की तीन ठिकाणी एक एक फूट चौकोन सुताराकडून कापून घेऊ, व्यवहार झाला नाही तर ते तुकडे माझ्या खर्चाने पूर्ववत बसवून देईन आणि हे कागदावर लिहून देईन. बहुतेक मालक एवढ्यावर राजी होतात. इसार द्यायचाच झाला तर रक्कम किरकोळ ठेवा आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की अस्तर उघडल्यावर वांक कुजलेले निघाल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. दुसऱ्या गिऱ्हाइकाची चिंता करू नका. मासेमारीसाठी घेणारा माणूसही खण उघडल्याशिवाय घेणार नाही.

इंजिनघर :

बर्फ उतरवून डोलवण्याची चाचणी पुन्हा घ्या, आणि डिझेलची टाकी किती भरलेली होती तेही लिहून ठेवा. अर्धवट भरलेल्या टाकीतले डिझेल इकडून तिकडे हलते आणि आकडा बिघडवते.

रंधा आणि पटाशी :

अस्तर उघडण्याच्या दिवशी कळवा. जयगडला माझे दुसरे काम आहेच, त्या वेळी येऊन वांक पाहीन. येण्याचे पैसे नकोत. पण किंमत ठरवताना मी हजर नसेन, ते तुमचे तुम्ही बघा.