वाहिलेले पुढे कुठे जाते? (अनुभव धागा)

पुण्याहून, धाग्याची सुरुवात

आमचे कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात बंद असलेले वांगे, कांदा आणि लसूण आमच्या घरात परत येतात ते चंपाषष्ठीला, भरीत आणि बाजरीच्या रोडग्यांच्या नैवेद्यातून. ताटाखाली पाण्याचे चौकोनी मंडल काढायचे, पाच प्राणांना पाच आहुती म्हणायच्या, डोळे मिटून पाणी फिरवायचे आणि तळी भरून झाली की पहिला रोडगा घराबाहेरच्या कुत्र्याला घालायचा, हा क्रम आजीने कधी मोडला नाही. देवाने न खाल्लेले अन्न कुत्र्याने डोळ्यांदेखत खाल्ले की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मंत्र म्हणतानाही दिसत नसे. तेव्हापासून पूजेतील मंत्रांपेक्षा पूजेनंतरच्या वाटपाकडेच माझे लक्ष अधिक जाते.

निरनिराळ्या धर्मांतील आपणा सर्वांना विनंती अशी की, आपल्या उपासनेत वाहिलेली वस्तू पुढे कोणाकडे जाते आणि ती तिथेच का जाते, हे स्वतः पाहिलेले असेल तसे लिहावे.

जयसिंगपूरहून

आमचे घराणे दिगंबर जैन. लहानपणी शेजारच्या मुलांना त्यांच्या देवळात पेढा किंवा खोबऱ्याचा तुकडा मिळे आणि मी मात्र बसदीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, रिकाम्या हाताने परत येई, याचे मला फार वाईट वाटे. आईला विचारले असता ती म्हणे, "आपण तिथे ठेवायला जातो, आणायला नाही." या वाक्याचा अर्थ पूजेचे शब्द नीट ऐकू लागल्यावर मला कळला.

आमच्या पूजेत जल, चंदन, अक्षता, पुष्प, नैवेद्य, दीप, धूप आणि फळ अशी आठ द्रव्ये असतात आणि प्रत्येक द्रव्यासोबत ते कशासाठी सोडतो आहोत याचा स्पष्ट उच्चार असतो. जल हे जन्म, जरा आणि मृत्यूच्या नाशासाठी, अक्षता अक्षय पदासाठी, फळ मोक्षफळासाठी; आणि नैवेद्य असतो तो 'क्षुधारोगविनाशनाय', म्हणजे भूक नावाच्या रोगाच्याच नाशासाठी. ज्यांची भूक कायमची संपली आहे अशा तीर्थंकरांसमोर अन्न ठेवायचे ते त्यांनी खावे म्हणून नव्हे, तर आपलीही भूक एक दिवस संपावी म्हणून. वीतराग, म्हणजे आसक्ती संपलेला, देव काही स्वीकारत नाही आणि काही परतही देत नाही, त्यामुळे प्रसाद ही कल्पनाच तिथे बसत नाही. एकदा सोडलेले द्रव्य निर्माल्य होते आणि श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, ते खाणे हा दोष मानला जातो. आमच्या भागात ते पूजा सांगणाऱ्या उपाध्यांकडे जाते. उपाध्येही जैनच असतात, मग त्यांना ते कसे चालते, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. आजोबांनी उत्तर न देता विषय बदलला.

रत्नागिरी जिल्ह्यातून

बकरी ईदबद्दल इतके वाद घातले जातात की त्यामागचा हिशोब कोणी विचारतच नाही. अल्लाहपर्यंत ना मांस पोहोचते ना रक्त, पोहोचते ते तुमचे ईशभय, असे कुराणाच्या बाविसाव्या सुरहमध्ये, 'अल-हज'मध्ये, स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे वस्तू वर जात नाही हे आधीच सांगून ठेवलेले आहे. प्रश्न उरतो तो ती खाली कशी वाटायची एवढाच. आमच्याकडे तीन वाटे करण्याची रीत आहे: एक घरचा, एक नातेवाइकांचा आणि शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा.

वडिलांचा कटाक्ष मात्र आणखी एका गोष्टीवर असे. कापणाऱ्याची मजुरी मांसातून किंवा चामड्यातून द्यायची नाही, असा नियम आहे. वडील ती आदल्या दिवशीच रोख देऊन टाकत आणि ईदच्या दिवशी त्याच माणसाला त्याचा वाटा वेगळा देत. "ते त्याचे काम, हा त्याचा हक्क," एवढेच ते म्हणत. अर्पण केलेल्या वस्तूने आपले देणे फेडले तर ती वस्तू आपण दिलीच कुठे, हा यामागचा विचार मला पुढे हिशोबनीस म्हणून काम करताना जास्त पटला.

एक खंतही सांगायला हवी. घरोघरी मोठे फ्रीज आल्यापासून पहिला वाटा वाढत चालला आहे आणि तिसरा आकसत चालला आहे. हे माझ्या स्वतःच्या घरातही घडते.

नागपूरहून

आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञांबरोबर घरातील देव्हारा, श्राद्ध आणि पिंडदान संपले. तरीही आम्ही बुद्धमूर्तीसमोर फूल ठेवतो, तेव्हा 'मग फरक काय?' असे अनेक जण विचारतात. फरक गाथेत आहे. हे फूल जसे कोमेजून जाईल तसे माझे शरीरही नाश पावेल, अशा अर्थाचे शब्द फूल ठेवतानाच म्हटले जातात. म्हणून आजी सुकलेले फूल घाईने उचलू देत नसे. ते सुकताना पाहणे हाच पूजेचा भाग आहे, असे तिचे म्हणणे होते.

अहिल्यानगरहून

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सुगीच्या सणाला प्रत्येक कुटुंब आपल्या शेतातले पहिले पीक घेऊन येते. वेदीजवळ ज्वारीची कणसे, ऊस, भोपळे, अंडी यांचा ढीग लागतो आणि उपासना संपल्यावर त्याचा लिलाव होतो. जमलेले पैसे मंडळीच्या कामाला जातात.

माझ्या लहानपणी एका म्हातारीने एक कोंबडी आणली होती. माझ्या काकांनी ती बोली लावून घेतली आणि तिथल्या तिथे पुन्हा अर्पण केली. मग दुसऱ्याने घेतली, त्यानेही पुन्हा अर्पण केली. चार वेळा विकली जाऊन ती कोंबडी बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे देऊन गेली आणि शेवटी पाळकांनी ती त्याच म्हातारीच्या हातात दिली. सगळे हसत होते. म्हातारी मात्र रागावली होती, कारण दिलेले परत घ्यायचे नसते असे तिचे मत होते. वरचा जयसिंगपूरचा अनुभव वाचताना तीच आठवली.

अश्दोदहून, इस्राएल

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, मूळची अलिबागजवळची. आता इथे चाळीस वर्षे झाली. यरुशलेमचे दुसरे मंदिर इसवी सन 70 मध्ये उद्ध्वस्त झाले तेव्हा आमच्या धर्मातील वेदीवरची अर्पणे थांबली आणि त्यांची जागा प्रार्थनेने घेतली. पण आम्ही कोकणातून आलेल्यांनी एक ताट जपले आहे, ते मलिद्याचे. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा, भोवती पाच प्रकारची फळे. नवस फिटला, लग्न ठरले, नवे घर घेतले की मलिदा होतो आणि एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलियाहू या प्रेषिताची, आठवण केली जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथे टेकला होता, अशी आमची परंपरा सांगते.

मलिदा एलियाहूला वाहिलेला नसतो, हे मुद्दाम सांगते. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. ज्याचा त्याचा आशीर्वाद म्हणायचा, देवाचे आभार मानायचे आणि ताट तिथेच खाऊन संपवायचे. माझ्या इथे जन्मलेल्या सुनेला हिब्रू प्रार्थना येतात, पण पोहे किती वेळ भिजवायचे ते मात्र ती मला मराठीतच विचारते.

सातारा जिल्ह्यातून

मलिदा हा शब्द वाचून राहवले नाही. आमच्या गावच्या पिराला मोहरमात मराठ्यांच्या घरांतूनही मलिदा जातो: जाड चपात्या कुस्करून त्यात गूळ आणि तूप. मुजावर त्यावर फातिहा म्हणतात, थोडा ठेवून घेतात आणि उरलेला परत देतात; तो घरी नेण्याआधी वाटेत भेटेल त्याला द्यायचा असतो. वर्तमानपत्रांत 'मलिदा खाल्ला' याचा अर्थ लाच खाल्ली असा होतो, याचे मला नेहमी नवल वाटते. ज्या पदार्थावर कोणाचीच मालकी नसते, त्याचेच नाव त्या व्यवहाराला मिळाले.

दादरहून

आमच्या पारशी शेजारीण अगियारीत, म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरात, जाताना सुखड (चंदनाचे लाकूड) घेऊन जात आणि परत येताना कपाळावर रख्येचा, म्हणजे पवित्र अग्नीच्या राखेचा, टिळा असे. परधर्मीयांना आत प्रवेश नसल्यामुळे मी पाहिले ते एवढेच. मात्र घरी जशन, म्हणजे त्यांचा प्रार्थनाविधी, झाले की रवा, कणीक, तूप आणि साखरेचा मलीदो आमच्याकडे हमखास येई. नावही जवळजवळ तेच!

अश्दोदहून, पुन्हा

दादर आणि सातारा, दोन्ही ठिकाणच्या मलिद्यात तूप आहे, हे वाचून गंमत वाटली. आमच्यात ते कधीच पडत नाही. मलिद्यानंतरच्या जेवणात मटण असते आणि मांसासोबत दुधातुपाचे काही चालत नाही, म्हणून सगळा ओलावा नारळाचा. इथे ताजा नारळ चांगला मिळत नाही, तेव्हा अलिबागहून येणाऱ्या प्रत्येकाकडे मी तोच मागते.