भाचीला ऑपेरा शिकायचाय, जालन्यातून वाट सांगा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. भाची जालन्यात बी.ए.ला आहे. लहानपणापासून शास्त्रीय शिकली, चर्चच्या क्वायरमध्येही गाते. आता म्हणते ऑपेरा शिकायचा, आणि तोही जुना इटालियन नाही, विसाव्या शतकापासूनचा! कॅनडाच्या बार्बरा हॅनिगननं गायलेली लिगेटी या विसाव्या शतकातल्या संगीतकाराची रचना ऐकल्यापासून डोक्यात तेच. (बाई खरंच भारी आहे. गाता गाता ऑर्केस्ट्राही चालवते.)

अडचण अशी की आल्बान बर्गचा ‘व्होत्सेक’ हा ऑपेरा लावला की तंबोऱ्यावर पोसलेला तिचा कान बावरतो. टेकायला ‘सा’च सापडत नाही. १९२५ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा झालेली ही रचना, तरी आपल्या कानाला आजही परकीच. मी म्हणतो, आधी मोझार्ट गळ्यावर चढव. ऐकेल तर शपथ!

तर स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि आवाजाची तयारी ऑनलाइन नीट शिकवणारं कुणी माहितीये का? अधूनमधून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईलाही नेईन. सोबत खयालाचा रियाज चालू ठेवला तर गळ्यावर ताण येतो का? आणि फीचा अंदाज द्या. दाजींची कापसाची शेती आहे, आकडा मलाच सांगायचाय त्यांना.