ग्रेगरी करार: अपक्षाची रास्त मागणी की राज्याची अडवणूक?

गोदाकाठ
फेब्रुवारी 1982 च्या निवडणुकीत चार्ल्स हॉही यांच्या फियाना फॉल पक्षाला आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहात 166 पैकी 81 जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला तीन कमी, आणि मध्य डब्लिनमधून पहिल्यांदाच निवडून आलेल्या टोनी ग्रेगरी या 34 वर्षांच्या अपक्ष शिक्षकाच्या मताला एकाएकी सोन्याचा भाव आला. हॉही आणि मावळते पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड या दोघांनीही त्यांच्याशी बोलणी केली. पंतप्रधानपदासाठीच्या मताच्या बदल्यात हॉहींनी मान्य केलेल्या लेखी करारात मतदारसंघात 440 व उर्वरित डब्लिनमध्ये 1,600 घरे, तीन वर्षांत 3,746 रोजगार, क्लोंडाल्किनच्या कागद गिरणीचे राष्ट्रीयीकरण आणि बंदर मंडळाची 27 एकर जमीन सरकारने ताब्यात घेणे, अशी कलमे होती. एकूण खर्च सुमारे 10 कोटी पौंड धरला गेला. ग्रेगरी यांनी स्वतःसाठी मंत्रिपद मागितले नाही, आणि कराराचा तपशील त्यांनी सभागृहातच मांडला. जहाजांवरचा माल कंटेनरमधून येऊ लागल्यावर गोदीतले काम आटले, घरे मोडकळीस आली, पाठोपाठ हेरॉइन शिरले, तरी ज्या वस्तीकडे कोणी पाहिले नव्हते, तिच्या प्रतिनिधीने संधी मिळताच पुरेपूर मागितले, यात गैर काय?

हिशेबनीस
गैर हे, की त्या वेळी राज्याच्या तिजोरीत पैसा नव्हता. त्याच जानेवारीत फिट्झजेराल्ड यांचे सरकार ज्या अर्थसंकल्पावर पडले, त्यात लहान मुलांच्या पादत्राणांवरही कर लावण्याचा प्रस्ताव होता, आणि विरोधात मत देऊन ते पाडणाऱ्यांत लिमरिकचे जिम केमी हे अपक्षच होते. कर्जबाजारी देशाने एका मतदारसंघावर इतका खर्च कबूल करायचा तो तेथील दारिद्र्य मोजून नव्हे, तर सभागृहातील बेरीज जुळत नव्हती म्हणून. लिमरिक किंवा कॉर्कच्या गरीब वस्त्यांना त्या दिवशी कोणी विचारले नाही. शिवाय हॉहींचे सरकार नोव्हेंबरमध्येच कोसळले आणि करारातील बहुतेक आश्वासने कागदावर राहिली. मागे उरला तो पायंडा: 1997 मध्ये बर्टी अहर्न यांच्या अल्पमतातील सरकारला टेकू देणाऱ्या अपक्षांत केरीचे जॅकी हीली-रे होते, आणि त्यांचा हिशेब प्रामुख्याने आपल्या भागातील रस्त्यांचा होता.

गोदाकाठ
हीली-रे यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांच्या समझोत्याचा मजकूर मतदारांपुढे आला नाही, ग्रेगरी यांचा आला. पक्षाच्या बैठकीत एखादा मंत्री आपल्या गावासाठी रुग्णालय पदरात पाडून घेतो, तेव्हा त्याला आपण कर्तबगारी म्हणतो. अपक्षाने तेच उघड्यावर केले की ती अडवणूक ठरते. मालवण तालुक्यातील वराडशी नाते सांगणारे लिओ वराडकर 2017 मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळातही शेन रॉस यांच्यासारखे अपक्ष होते. तिथे अपक्षांशी बोलणी हा आता नित्याचाच व्यवहार आहे.

निशिगंध
दोघेही त्या एका कागदाभोवतीच फिरत आहात. ग्रेगरी 1979 मध्ये डब्लिन महापालिकेत निवडून आले होते, आणि 1986 मध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्या बायकांच्या बाजूने केलेल्या आंदोलनापायी दोन आठवडे तुरुंगात गेले. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची मालमत्ता जप्त करावी, ही मागणी ते वर्षानुवर्षे करत राहिले. जून 1996 मध्ये पत्रकार व्हेरोनिका गेरिन यांची हत्या झाल्यावर सरकारने त्यासाठी स्वतंत्र विभाग उभारला. सभागृहात त्यांनी कधी टाय बांधला नाही, कारण त्यांच्या अनेक मतदारांना तो परवडत नव्हता, असे सांगितले जाते. (मला ही गोष्ट थोडी नाटकी वाटते, पण 27 वर्षे निभावलेल्या नाटकाला वेगळे नाव द्यावे लागेल.)

हिशेबनीस
माणसाविषयी माझे दुमत नाही, आणि तुरुंगवासाला मी मनापासून मान देतो. मात्र सचोटीच्या माणसाने केला म्हणून सौदा योग्य ठरत नाही, कारण पुढच्या वेळी तीच किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती असते. 27 एकरांचेच पाहा. त्या कस्टम हाउस गोदीच्या परिसरात 1987 नंतर हॉहींच्याच काळात आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र उभे राहिले, आणि शेजारच्या शेरिफ स्ट्रीटवरील गोदी कामगारांच्या मुलांना त्या काचेच्या इमारतींत किती नोकऱ्या मिळाल्या, हा प्रश्न स्वतः ग्रेगरी यांनाही सतावला असणार.

गोदाकाठ
तो प्रश्न सरकारला विचारावा, ग्रेगरी यांना नव्हे. 1987 मध्ये ते तटस्थ राहिल्याने हॉही पुन्हा पंतप्रधान होऊ शकले, तो एक प्रसंग सोडला, तर नोव्हेंबर 1982 नंतर आपण म्हणता ती किल्ली त्यांच्या हाती नव्हती. तरीही पसंतीक्रमाच्या मतदानात, मोठ्या पक्षांच्या यंत्रणेविरुद्ध, त्याच मतदारांनी त्यांना 2007 पर्यंत आणखी सात वेळा निवडून दिले, आणि जानेवारी 2009 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाल्यावर पोटनिवडणुकीत ती जागा त्यांच्या सहकारी मॉरीन ओ'सुलिवन यांनाच दिली. केवळ सौद्याचा माल मिळाला म्हणून मत देणाऱ्या लोकांनी माल न मिळूनही इतकी वर्षे मत का दिले, याचे उत्तर आपल्या हिशेबात मला सापडत नाही.