इमारत कायद्याआधीची असली तरी ‘फॉर्म बी’ द्यावाच लागतो का?

प्रश्न (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे)
आमची सात मजली इमारत १९९८ सालची असून त्या वेळी अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला घेतलेला आहे. त्यामुळे नंतर आलेला आग प्रतिबंधक कायदा आपल्याला लागू नाही, दर सहा महिन्यांनी ‘फॉर्म बी’साठी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याच्या प्रमाणपत्रासाठी, खर्च कशाला, अशी हरकत काही सभासदांनी सर्वसाधारण सभेत घेतली. एका एजन्सीने तर इमारतीत पाऊलही न ठेवता दाखला देण्याची तयारी दाखवली, आणि त्यामुळे मी अस्वस्थ आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (वकील)
महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार यंत्रणा बसवण्याचीच नव्हे, तर ती सदैव चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर येते, आणि परवानाधारक एजन्सीचे तसे प्रमाणपत्र, म्हणजेच ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. इमारत जुनी आहे म्हणून यातून सुटका नाही. पूर्वी बांधकामाच्या वेळी मिळालेला दाखला कपाटात ठेवला की विषय संपल्यासारखा वाटत असे. या कायद्याने तो संपू दिलेला नाही, आणि माझ्या मते हाच त्यातील सर्वांत मोलाचा बदल आहे. उल्लंघनासाठी तुरुंगवासाचीही तरतूद आहे, हे सभासदांना स्पष्ट सांगावे.

उत्तर (परवानाधारक एजन्सीतील तंत्रज्ञ)
न पाहता केलेली सही कृपया घेऊ नका. तपासणीच्या दिवशी स्वतः गच्चीवर या, टाकीत पाणी आहे का ते पाहा, पंप सुरू करायला लावा आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट (आग विझवण्यासाठीचा पाण्याचा नळ) उघडून घ्या. कारण गच्चीवरून पाणी खाली येणाऱ्या व्यवस्थेत दाब सर्वांत कमी तिथेच असतो. होज बॉक्सही (आग विझवण्याचा लांब पाइप, म्हणजे होज, ठेवण्याची पेटी) उघडून पाहा. मी पाहिलेल्या कित्येक पेट्यांमधून पितळी नोझल चोरीला गेलेले होते, तर काही ठिकाणी होज घडीवरच चिरलेला होता. जिन्यात ठेवलेल्या सायकली आणि जुनी कपाटे मात्र कोणतीही एजन्सी हलवू शकत नाही, ते काम आपलेच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल परिसरातील आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हापासून मोकळी वाट हा विषय मी प्रत्येक सोसायटीत सर्वांत आधी काढतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल रविवारी समितीचे चौघे गच्चीवर गेलो होतो. पंप सुरू झाला, पण सातव्या मजल्यावरच्या हायड्रंटचे चाक गंजून इतके घट्ट बसले होते की दोघांनी जोर लावूनही ते फिरले नाही. हरकत घेणारे एक सभासद सोबत होते. व्हॉल्व्ह बदलण्याचा ठराव आता तेच मांडणार आहेत. ‘फॉर्म बी’ दुरुस्तीनंतर, आमच्यासमोर पाणी सोडून दाखवणाऱ्या एजन्सीकडूनच घेऊ.