मदत हवी आहे: बीपी असताना बिस्किट्स अँड ग्रेव्ही

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात राहतो. नागपूरहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना इथल्या बिस्किट्स अँड ग्रेव्हीची फार गोडी लागलीय. बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे, तर ताक-लोणी घातलेला, उघडला की वाफ येणारा मऊ पाव. त्यावर पोर्क सॉसेजच्या चरबीत मैदा परतून केलेली, भरपूर मिरीची दाट पांढरी ग्रेव्ही. पण बाबांना बीपी आहे. डॉक्टरांनी दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा घातलीय, आणि इथे सॉसेजपासून बेकिंग पावडरपर्यंत सगळ्यातच सोडियम! फायबर तर जवळपास नाहीच. घरी कमी मिठाचा चिकन खिमा वापरून कुणी केलीय का? निम्मी कणीक घातली तर बिस्किट फुगतं का? त्यांचा हा आनंद हिरावून घ्यायचा नाहीये, म्हणून विचारतेय.