बर्सर्क: गट्स बदलला की नुसता दमला?

रात्रपाळी: स्पॉयलर आहेत, वाचलं नसेल तर इथूनच मागे फिरा. गेल्या महिन्यात केंतारो मिउरांचं बर्सर्क, जपानी कॉमिक म्हणजे मांगा, परत पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि एक गोष्ट खटकली ती खटकलीच. सगळे म्हणतात त्याचा नायक गट्स, त्याच्यासारखं कॅरेक्टर डेव्हलपमेंट दुसऱ्या कुठल्याच मांगा कॉमिकमध्ये नाही, मला वाटतं हा माणूस बदललाबिदलला काही नाही, दमला. फासावर लटकलेल्या आईच्या प्रेताखाली चिखलात जन्म, पाळणारा बाप गॅम्बिनो पोराला चार पैशांसाठी एका रात्रीपुरता विकतो, पुढे कुठे जरा घर मिळालं म्हणेपर्यंत टोळीचा म्होरक्या ग्रिफिथ ग्रहणाच्या वेळी अख्खी टोळी राक्षसांच्या तोंडी देतो, डावा हात जातो, उजवा डोळा जातो. इथपर्यंत दंडवत. पण कन्व्हिक्शन नावाच्या भागानंतर गट्सच्या मागे ती वरात जमते ना, चेटकीण पोरगी, तलवार शिकायला आलेलं चोरटं पोर, सरदाराची लेक, तिचा नोकर, आणि आमचा काळा तलवारबाज (गट्सचं टोपणनाव) एकदम घरातला कर्ता पुरुष. मिउरांनी त्याची धार घालवली. हाणा आता.

कासवदादा: धार होती कुठे? तिसरा खंड परत बघ. राक्षस झालेला काउंट मेलाय, त्याची पोर थेरेशिया काठावर, गट्स तिला मरायचं तर मर म्हणतो, ती पडायला लागल्यावर हा तिला वाचवतो, मग ती ओरडते की तुला मी मारीन. हा पाठ फिरवून चालायला लागतो आणि चेहरा दिसतो तर डोळ्यात पाणी. गोल्डन एज, म्हणजे टोळीतल्या जुन्या दिवसांचा भाग, सुरू व्हायच्या आधीची पानं आहेत ही. म्हणजे तुला जो दगड वाटत होता तो पहिल्यापासून सोंग होतं, मग धार गेली कशी म्हणायची?

रात्रपाळी: बरं मग डेव्हलपमेंट तरी कुठे राहिली? माझंच म्हणणं झालं की हे. तो आहे तिथेच आहे. आपल्याकडे दारोदार जखमेला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आहे ना तसा, ग्रहणात मानेवर उमटलेली खूण रात्री भुतं आली की रक्ताळते, हा चालतोय, बस.

शाईपेन: अश्वत्थामा नको रे मध्ये आणू. त्याने झोपलेली पोरं मारली, जखम त्याची शिक्षा आहे. गट्सला शिक्षा कशाची? (हां, अडोनिस आहे. ग्रिफिथच्या सांगण्यावरून ज्युलियस नावाच्या सरदाराला मारायला जातो आणि अंधारात त्याचं लहान पोरगं मारून बसतो, ते मरताना त्याचा हात हातात धरून बसतो. ते पान मला अजून बघवत नाही. पण ते तो कधी विसरला नाही, फरक तिथेच आहे.)

विटीदांडू: मला वाटतं दोघंही गोडोला विसरताय. तलवार घडवणारा तो म्हातारा लोहार. गट्स दोन वर्षं राक्षस मारत फिरून परत येतो तर कास्का, टोळीतली त्याची प्रेयसी, ग्रहणापासून भान हरपलेली, ठेवली होती त्या गुहेतून निघून गेलेली. म्हातारा त्याला गोंजारत नाही, झाडतो. दुःखाकडे बघायची हिंमत नसलेला माणूस द्वेषात जाऊन लपतो, आणि टवका उडालेली तलवार रक्तात बुडवून नीट होत नसते, अशा अर्थाचं बोलतो. तुझं माणूस समोर जिवंत होतं आणि तू तिला टाकून एकटा गेलास. यावर गट्सकडे उत्तर नाही. तू ज्याला धार म्हणतोयस ना, म्हातारा त्याला पळ काढणं म्हणतो. माझ्या मते कथा तिथे वळते, ग्रहणात नाही.

रात्रपाळी: वळते मान्य, पण मग ती वरात कशाला? एकट्याने कास्काला सुरक्षित जागी नेलं असतं तर जास्त भिडलं असतं.

कासवदादा: नेलंच की एकट्याने, विसरलास? दोघंच प्रवासात, रात्री भुतांमुळे झोप नाही, ती याला ओळखत नाही, आणि एकदा आतलं ते काळं जनावर सुटतं आणि हा तिचाच गळा धरतो. बाकीच्यांना बरोबर घेतो ते त्यानंतर. म्हणजे हे एकटेपण संपलं म्हणून जमलेलं कुटुंब वगैरे नाही, स्वतःच्या हातांची भीती वाटते म्हणून तिच्याभोवती माणसं उभी केलीत. जन्मभर कोणी अंगाला हात लावला तर दचकणारा माणूस दुसऱ्यांना म्हणतो माझ्यावर लक्ष ठेवा. याला तू मऊ झाला म्हणतोस?

शाईपेन: +१. आणि ते जादूचं चिलखत, जे चढलं की याचं भान सुटतं, ते चढल्यावर शिएर्के, ती चेटकीण पोरगी, त्याला आतून ओढून परत आणते, तेव्हा केसांची बट पांढरी झालेली असते, फुकट काही नाही.

रात्रपाळी: गळ्याचा प्रसंग मी धरलाच नव्हता खरं, घाईत वाचला होता (मोबाईलवर, लोकलमध्ये, उभं राहून). ठीक, मऊ शब्द मागे घेतो. पण दमला मागे घेणार नाही. एवढं करून कास्काची स्मृती येते आणि ती याचा चेहराच बघू शकत नाही, बघितला की ग्रहण आठवतं. मग ३६४ व्या प्रकरणात ग्रिफिथ येतो, आणि पुढे तिला घेऊन जातो. सगळी माणसं, सगळा धीर, आणि हातात काय?

विटीदांडू: ते घेऊन जाणं मिउरांच्या हातचं नाही पण. ते मे २०२१ मध्ये गेले, वय ५४. ३६४ त्यांचं शेवटचं, पुढचं जून २०२२ पासून कोउजी मोरी आणि स्टुडिओ गागा काढतायत. मोरी त्यांचे शाळेपासूनचे मित्र, गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली त्यांनी, तरी मी पुढचं गट्सच्या खात्यात धरत नाही.

कासवदादा: मी धरतो. आणि जहाजावर तो खचून बसलेला असतो ते बघ, काळा तलवारबाज असता तर त्याच रात्री एकटा निघाला असता. हा निघत नाही.

रात्रपाळी: निघत नाही कारण दमलाय!!

कासवदादा: अरे देवा. चल, गोडोचं प्रकरण परत वाच, मग बोलू. आणि बसून वाच.