‘हवेत नायट्रोजन फुकट आहे’ म्हणणाऱ्यांसाठी : मूत्रातल्या खतावर चर्चा

ओलावा

काल दुसऱ्या एका धाग्यावर एका सदस्याने लिहिलं, “लघवीतून खत काढणं हे शास्त्रज्ञांचं खूळ आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन पडलाय, कारखाने आहेत, गोणी मिळते. घाणीत हात कशाला घालायचा?” त्याला भराभर दाद मिळाली. मला रात्री झोप लागली नाही. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा वेगळा धागा.

हवेतला नायट्रोजन फुकट आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. त्याचा अमोनिया करायला नैसर्गिक वायू लागतो, प्रचंड दाब लागतो, चारशे-पाचशे अंशांचं तापमान लागतं. मग तो खतातून पिकात जातो, पिकातून आपल्या पोटात आणि पोटातून बहुतेक सगळा लघवीत. तो नदीत उतरू नये म्हणून मैलाशुद्धीकरण केंद्रात हवा फुंकणारे ब्लोअर चालवून, जिवाणूंकडून पुन्हा हवेत सोडून द्यायचा. पकडताना ऊर्जा घालवली, सोडतानाही घालवली. वर त्या खटाटोपात थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा.

आणि फॉस्फरस? तो हवेत नाहीच. खडकातून काढावा लागतो, आणि जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी 70 टक्क्यांच्या आसपास मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत.

मोठं माणूस वर्षाला साधारण 500 लिटर लघवी करतं. तीत सुमारे 4 किलो नायट्रोजन, 300 ते 400 ग्रॅम फॉस्फरस, किलोभर पोटॅशियम. मैलापाण्यात लघवी एक टक्काही नसते, पण त्यातला 80 टक्के नायट्रोजन आणि जवळजवळ निम्मा फॉस्फरस तिचा असतो. एवढीशी गोष्ट आपण आधी शंभरपट पाण्यात ओततो आणि मग त्या पाण्यात शोधत बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे : मिसळायच्या आधी वेगळी काढा.

हिशेबी

ताई, तळमळ समजली, आता आकडे बघा. 4 किलोला 500 लिटर, म्हणजे एक किलो नायट्रोजनला 125 लिटर. 50 किलो युरियात 23 किलो नायट्रोजन असतो. तेवढ्यासाठी जवळजवळ तीन हजार लिटर लघवी वाहून न्यायची! टँकरच्या डिझेलचं काय?

आटवून न्यायची म्हणाल, तर लिटरभर पाण्याची वाफ करायला 0.63 युनिट ऊर्जा लागते. किलोभर नायट्रोजनमागे 79 युनिटं झाली. कारखान्यातला अमोनिया तेवढ्याच नायट्रोजनला 10 ते 12 युनिटांइतक्या ऊर्जेत होतो. खूळ हा शब्द मी वापरणार नाही, पण हिशेब बसत नाही.

ओलावा

वाफ हवेत सोडून दिली तर तुमचा आकडा बरोबर आहे. तसं कोणी करत नाही. वाफ दाबून तिचीच उष्णता पुढच्या खेपेला वापरतात, ऊर्जा पाच-सहा पटींनी कमी होते.

स्वित्झर्लंडच्या एआवाग या पाणी-संशोधन संस्थेची पद्धत अशी : आधी जिवाणूंकडून निम्म्या अमोनियाचं नायट्रेट करून घ्यायचं, म्हणजे उरलेला उडून जात नाही आणि वासही जातो. मग सक्रिय कोळशातून गाळून औषधांचे अंश काढायचे. शेवटी ऊर्ध्वपातन, म्हणजे पाणी आटवून काढणं. हाती येतं ते घट्ट द्रवखत, नाव ‘ऑरिन’. 2018 मध्ये तिथल्या सरकारने ते खाण्याच्या पिकांनाही वापरायला मंजुरी दिली. तीन हजार लिटर वाहायचा प्रश्नच राहत नाही.

बांधावरून

माझी रोपं जळाली ते कोणाला सांगू? ‘एकाला दहा पाणी, फुकट युरिया’ असा संदेश वाचून मी भाजीच्या दोन वाफ्यांना घातलं. आठवडाभर पानं काळीभोर. मी खूश, अजून घातलं, रोज घातलं. महिन्याने पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरं आलं. आमची जमीन आधीच खारवट. लघवीत मीठ असतं हे त्या संदेशात कुठेच नव्हतं. असले संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी आधी स्वतःच्या वाफ्यात घालून बघावं. मी खताच्या विरोधात नाही, मी अर्धवट सल्ल्याच्या विरोधात आहे.

ओलावा

दादा, नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. खारवट जमिनीला आणि निचरा नसलेल्या मातीला ती घालूच नये. इतर ठिकाणीही एकदा घातली की मध्ये नुसतं पाणी द्यायचं, आणि पानांवर न टाकता मुळाजवळ चरीत घालून लगेच माती ओढायची, नाहीतर अमोनिया उडतो.

एल्बोवाला

खत, जिवाणू, स्वित्झर्लंड सगळं ठीक. पाइपाचं कोण बोलणार? वीस वर्षं इमारतींची देखभाल करतोय. एका मोठ्या कार्यालयात बिनपाण्याच्या मुताऱ्या बसवल्या, उद्घाटन झालं, फोटो निघाले. आठव्या महिन्यात मला बोलावलं. चार इंची पाइप कापला तर आत बोट जाईल एवढंच भोक. पिवळट, दगडासारखा थर. पाइपाला मुतखडा झाला होता हो! छिन्नीने फोडला. डोळ्यांतून पाणी येत होतं, अमोनियाने. पितळेचे जोड तर खाऊन टाकले होते. हे आराखडे काढणारे एकदा तरी पान्हा हातात धरतात का?

हिशेबी

तो थर म्हणजेच स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेटचा खडा) आणि कॅल्शियम फॉस्फेट. ज्याच्यासाठी ही सगळी धडपड, ते खत तुम्ही छिन्नीने फोडलंत.

एल्बोवाला

खत असेल नाहीतर सोनं असेल, तिसऱ्या मजल्याच्या छतात असेल तर मला ते नकोय.

ओलावा

हे का होतं ते सांगते, कारण उपायही त्यातच आहे. ताज्या लघवीत नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो आणि तिला फारसा वास नसतो. पाइपात साचलेल्या थरातल्या जिवाणूंचं युरिएज हे विकर तो फोडतं, अमोनिया होतो, सामू सहावरून नऊवर चढतो. त्या आम्लारीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन खडा धरतात. त्यात जड पाण्याने थोडं थोडं धुतलं की कॅल्शियम बाहेरून मिळतो आणि खडा आणखी वाढतो. म्हणून पाइप रुंद हवा, उतार भरपूर हवा, काटकोनी वळणं (एल्बो) नकोत, धातू नको, उघडून बघायला तोंडं हवीत आणि अधूनमधून सायट्रिक आम्ल घालायला हवं.

एल्बोवाला

हे मी आठ वर्षं ओरडून सांगतोय, तुम्हाला पुस्तकात सापडलं. उतार म्हणताय, पण छतात उताराला जागा कोण सोडतं? एसीचा डक्ट आधी, वायरींचा ट्रे आधी, आणि प्लंबरने राहिलेल्या फटीतून जायचं. थोडं थोडं धुण्याबद्दलचं पटलं. दोन्हींकडून मार खायला लागतो, एकतर भरपूर पाणी नाहीतर अजिबात नको.

आणि वेगळं करणारे ते कमोड? एका पाहुणेघरात होते. पुढचं भोक लघवीचं, मागचं दुसरं. लहान मूल बसलं की पुढच्या भोकातच शी. पुरुष उभे राहणार. महिनाभरात सगळं एक.

ओलावा

त्या जुन्या रचनेतल्या अडचणी खऱ्या आहेत. आता ऑस्ट्रियातल्या इओओएस या अभिकल्पकांनी काढलेली रचना आहे. किटली हळू ओतली की धार तोंडालाच चिकटून खाली ओघळते ना, तसं. लघवीची मंद धार भांड्याच्या कडेला चिकटून आत वळते, फ्लशचं जोरदार पाणी तिच्यावरून उडी मारून पुढे जातं. बसणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. उभं राहून करणाऱ्यांना मुतारी हवीच.

निर्मळा

तुम्ही दोघं तासभर एल्बोवर बोलताय. त्या छताखाली छिन्नी घेऊन उभा राहणारा माणूस कोण, हे कोणी विचारणार आहे की नाही?

सोनखत हा शब्द किती गोड आहे. ते वाहून नेणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं सोनं आलं नाही, वास आला आणि शिवाशिव आली. माझ्या आजोबांनी डोक्यावरून पाट्या वाहिल्या. पाण्याचा संडास आला तेव्हा आमच्या घरात ती सुटका होती. आता कोणीतरी अभ्यास करून सांगतं की पाणी घालणं ही चूक होती, डबे भरा, टाक्या उपसा. टाकी तुम्ही उपसणार आहात का, ओलावा? खरं उत्तर द्या.

हिशेबी

इथे तंत्रज्ञानाचा विषय चालू आहे. भावनिक मुद्दे वेगळ्या धाग्यात काढले तर बरं.

निर्मळा

माझे आजोबा तुम्हाला विषयांतर वाटतात? मैला माणसाने उचलायचा की यंत्राने, हाच या तंत्राचा पहिला प्रश्न आहे. वाफेची युनिटं नंतर मोजा.

एल्बोवाला

हिशेबी, त्या बाईंची माफी मागा. छतात मी उभा होतो, तुम्ही नव्हता.

ओलावा

निर्मळाताई, मी या विषयावर प्रयोगशाळेत काम करते आणि आमच्या साठवणटाकीची झडप मी स्वतः उघडते. पण ते मास्क लावून, पगारी नोकरीत, कधीही सोडता येईल असं काम. तुम्ही विचारता ते हे नाही, हे मला कळतं.

तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या कडेच्या वस्त्यांत पालिकेने लघवी वेगळी करणारे सुमारे 80 हजार कोरडे संडास बांधले. तिथेच लघवीतून खत काढायचा ‘वुना’ प्रकल्प झाला. झुलू भाषेत त्या शब्दाचा अर्थ पीक काढणं. शास्त्र उत्तम होतं. पण कितीतरी लोकांना ते संडास आवडले नाहीत. श्रीमंतांना पाण्याचा संडास आणि आम्हाला हा, असं त्यांना वाटलं, आणि खड्डा रिकामा करायचं काम त्यांच्यावरच होतं. म्हणून सुरुवात मोठ्या कार्यालयांपासून, विमानतळांपासून, नव्या श्रीमंत इमारतींपासून व्हायला हवी. बंद पाइप, तळघरात यंत्र, माणसाचा हात कुठेच नाही. गरिबाच्या दारात आधी प्रयोग नको.

निर्मळा

श्रीमंतांच्या तळघरात आधी, हे लिहून दिलंत तर मी विरोध करणार नाही. पाठिंबा देते असं समजू नका.

हिशेबी

शब्द चुकला, निर्मळाताई. मागे घेतो.

ऊर्जेचं परत मांडलं. उष्णता परत वापरली तर किलोमागे 79 युनिटांची 13 ते 16 होतात, आणि केंद्रातल्या ब्लोअरची वीज वाचते ती त्यातून वजा. कारखान्याच्या जवळपास येतं, हे मान्य करावं लागतंय. पण साऱ्या जगाची लघवी गोळा केली तरी 3.2 कोटी टन नायट्रोजन, आणि कृत्रिम नायट्रोजन लागतो 10 कोटी टनांहून जास्त. कारखाने बंद होणार नाहीत.

ओलावा

कारखाने बंद करा असं मी कुठे लिहिलं? पण जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्यात सोडतोय, एवढं तरी तुमच्याच आकड्यात दिसतंय.

बांधावरून

ते लघवीत मॅग्नेशियम घालून खडे पाडतात, तसलं खत मिळेल का? त्यात मीठ नसतं म्हणतात.

ओलावा

हो दादा, स्ट्रुव्हाइट. मीठ आणि औषधांचे अंश बहुतेक पाण्यातच राहतात. लघवीतला फॉस्फरस 90 टक्क्यांच्या वर त्यात उतरतो. पण तिच्यातला नायट्रोजन जेमतेम चार-पाच टक्के, त्यामुळे युरियाच्या जागी ते चालणार नाही. हळू विरघळतं, लागवडीच्या वेळी मुळाशी द्यायचं.

बांधावरून

मग एकाच वाफ्याला घालून बघेन. दुसरा कोरा ठेवेन. या वेळी कोणाचा संदेश वाचून नाही.

एल्बोवाला

ओलावा, तुमच्या प्रयोगशाळेतल्या मुतारीपासून टाकीपर्यंतच्या पाइपाचा फोटो टाका. उतार किती आहे तेही.

ओलावा

टाकते. मीटरला एक सेंटीमीटर. टाकीच्या तोंडाशी एक काटकोनी वळण आहे, तिथे दोनदा तुंबलंय.

एल्बोवाला

तुंबणारच. तो एल्बो आजच काढा, दोन पंचेचाळीसचे लावा आणि मधे उघडायचं तोंड ठेवा. उतार दुप्पट करा. काढलेला एल्बो फेकू नका, बांधावरूनना पाठवा. त्यांचा वाफा त्यातल्या खड्यावरच होऊन जाईल.